थिनरच्या बादलीतला बॉल

दि. १६/०५/२०२५, दुपारी ३.४० वा.

नाव: बायडाबाई पुंजाराम दहातोंडे, वय ६३ वर्षे, व्यवसाय: सेवानिवृत्त अंगणवाडी मदतनीस, रा. सोनई, ता. नेवासा, जि. अहिल्यानगर.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, विचारल्यावरून माझ्या माहितीप्रमाणे जबाब देते तो असा की, मी वरील पत्त्यावर मुलगा राधाकृष्ण, वय ३६, व सून रुपाली, वय ३१, यांच्यासह राहते. पती हयात नाहीत. मुलाचे गाड्यांना रंग मारण्याचे दुकान आहे.

सुनेने आज सकाळी तक्रार दिली ती तिच्या बॉलिंगच्या बॉलबद्दल आहे. हे बॉलिंग क्रिकेटचे नव्हे. लाकडी पट्टीवरून बॉल घरंगळत सोडून समोरच्या दहा बाटल्या पाडायच्या, असा तो खेळ आहे. बॉल सहा किलोच्या वर भरतो. त्यास तीन भोके असतात व ती खेळणाऱ्याच्या बोटांच्या मापाने पाडलेली असतात. दुसऱ्याचा बॉल घेऊन खेळता येईल का, असे मला येथे दोनदा विचारले. दुसऱ्याची चप्पल घालून पळता येते, तेवढेच.

मुलगा व सून पाच वर्षे पुण्यास होते. तेथे सून एका मॉलमधील बॉलिंगच्या काउंटरवर कामाला होती व तेथेच खेळ शिकली. मुलाची नोकरी गेल्यावर दोघे सोनईस आले. त्यानंतरही ती महिन्यातून दोन रविवार एसटीने पुण्यास जाऊन सराव करते. यंदा तिची राज्याच्या संघात निवड झाली. स्पर्धा दि. १९ पासून बंगळूर येथे आहे.

बॉल घरी स्वच्छ करण्याचे काम दोन वर्षांपासून मी करते. मला कोणी सांगितले नव्हते. पुण्याहून आली की तिचा दंड भरून यायचा, म्हणून मी फडके हातात घेतले ते घेतलेच. खेळायच्या पट्टीवर तेल असते व ते बॉलमध्ये मुरते. तेल मुरले की बॉल वळत नाही. दर खेपेला स्पिरिटसारखे औषध लावून मऊ फडक्याने पुसावा लागतो. काही दिवसांनी भोकांवर चिकटपट्टी लावून कोमट पाण्यात वीस मिनिटे ठेवावा लागतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकायचे. पाण्यावर तेलाचा तवंग येतो. पाणी कढत नको, ऊन नको, थिनर तर अजिबात नको, हे सुनेने मला पहिल्याच दिवशी सांगितले व मी ते मुलाला किमान दहा वेळा सांगितले आहे. त्याला माहीत नव्हते, हे त्याचे म्हणणे खोटे आहे.

दि. १५/०५/२०२५ रोजी सकाळी सून आधार कार्डाच्या कामासाठी नेवाशास गेली. दुपारी बाराच्या सुमारास मुलगा दुकानातून घरी आला. जेवायला वाढू का म्हणून मी विचारले, तो तसाच मागे गेला. थोड्या वेळाने वास आला म्हणून मी मागच्या अंगणात गेले. बॉल रंगाच्या बादलीत होता व बादलीत थिनर होते. मी म्हणाले, "आरं, काय करतूस?" तो म्हणाला, "धुतोय. तुमी दोघी रोज धुता, आज मी धुतो." मी बादलीची कडी धरली. त्याने ती ओढून घेतली व म्हणाला, "जायची न्हाई ती बंगळूरला. मी सांगून थकलो. तू माझी आई हायेस का तिची?"



अर्ध्या तासाने त्याने बॉल काढून पत्र्यावर उन्हात ठेवला व दुकानात गेला. मी स्टुलावर चढून बॉल खाली घेतला. तो हाताला चिकटत होता. भोकांच्या मध्ये चीर पडली होती. मी कोमट पाणी करून तो पुसला. त्याचा काही उपयोग नव्हता. तरीही पुसला.

अडीच वाजता मुलगा परत आला, सोबत माझे चुलत दीर आप्पासाहेब होते. मुलगा म्हणाला, "आई, तू म्हन, माझ्या हातनं झालं. म्हातारीला कोन काय म्हनतंय?" आप्पासाहेब म्हणाले, "वहिनी, घरातलं घरात मिटंल. लई ताणू नका." मी हो म्हणाले. हे मी लपवत नाही.

चार वाजता सून आली. मी तिला सांगितले की, माझ्याकडून चुकून थिनर पडले. तिने बॉल हातात घेऊन पाहिला व चिरेवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या हातनं हे व्हायचं न्हाई. तुमी माझ्याशी खोटं बोलू नका, बाकी सगळं मी सोसलं हाय." तेव्हा मी तिला खरे काय ते सांगितले. बाकी सगळे म्हणजे काय, ते तिने तक्रारीत लिहिले असेल. मला त्यातले बरेच माहीत होते.

आज सकाळी आप्पासाहेब पुन्हा घरी आले होते. एका गोळ्यापायी पोराला चौकीत नेता का, असे म्हणाले. मी त्यांना चहा दिला नाही.

सुनेच्या कोचने फोनवर सांगितले की, दुसऱ्या बॉलला तिच्या मापाची भोके पाडून मिळतील, पण ती आज रात्रीपर्यंत पुण्यास पोचली पाहिजे. दुपारी एकच्या गाडीत मी तिला बसवून दिले. बॅगेत दशम्या दिल्या आहेत. नव्या बॉलचा हात बसायला महिना लागतो, तिच्याकडे दोन दिवस आहेत. तरी ती गेली. त्यानंतर मी इकडे आले.

मी आज कोठे राहणार, असे विचारता सांगते की, घर माझ्या नावावर आहे, मी माझ्या घरी राहणार. मुलाने कोठे राहायचे ते त्याचे त्याने बघावे. सून परत आल्यावर तिला घराची किल्ली माझ्याकडून मिळेल.

माझा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. आई आहात, मुलाच्या नावाची ओळ पुन्हा एकदा विचार करून सांगा, असे मला सांगण्यात आले. मी विचार केला. ओळ तशीच ठेवावी. लिहिले आहे ते मी सांगितल्याप्रमाणे असून खरे आहे. मला सही करता येते, अंगठा घेऊ नये.

(सही)
बायडाबाई पुंजाराम दहातोंडे