सुषमा हे नाव मीच दिलं

न्हाई म्याडम, दुसऱ्या पुस्तकाला माझं काय बी मिळणार न्हाई — आधी तो टेप पिशवीत घाला, मग बसा. च्या घेता? नका घेऊ. दोन वर्सांमागं ह्याच कारेगावात, ह्याच शिलाई मशीनीपाशी बसून सगळं इचारलंत — बाप मेल्यावर यवतच्या वस्तीवर बाळासो चुलत्यानं कसं सांभाळलं, उलथनं तापवून पाठीला कुठं कुठं डाग दिले — आन् मी सांगितलं. का सांगितलं? तुमच्या डोळ्यात पाणी आलं म्हणून? हॅट्! त्याचं नाव छापून येईल म्हणून सांगितलं. आन् सगळं बोलून झाल्यावर तुम्ही काय म्हणता — त्याचं नाव घालता येत न्हाई म्हाळसाबाई, नियम हाय, 'एक नातेवाईक' लिहू, बाप मेल्याचं बी गाळू, न्हाईतर ओळख पटंल. सोसायचं मी आन् अब्रू झाकायची त्याची! कुणाच्या भल्याचा वो असला नियम?

मग म्हणालात, तुमचं बी नाव बदलू, आवडीचं सांगा. म्हणलं, सुषमा. छान हाय म्हणालात, लिहून घेतलंत. सुषमा कोण, इचारलंत का? न्हाई इचारलंत. त्याची पोरगी. एकुलती एक. वस्तीत त्या नावाची दुसरी न्हाई.

पुस्तक आलं, पर वस्तीवर पुस्तकं कोण वाचतंय? तेवढी पानं झेरॉक्स करून बाजाराच्या दिवशी मीच — आता निघालंच तोंडातून, असू दे — व्हय, मीच वाटली. तिच्या होणाऱ्या सासरी बी टाकली. सोयरीक मोडली. सुषमाचा 'नातेवाईक' म्हंजी तिचा बापच, असं लोकांनी धरलं; म्हणाले, पोटच्या पोरीला डागणारा बाप. कुणी त्याला रामराम घालंना. मला काय ग्वाड वाटलं म्हणून सांगू! चांगली जिरली म्हणलं.

परवा सुषमा आली. तुम्ही बसलाय तिथंच बसली. म्हणलं, भांडायला आली असंल, मी बी पदर खोचून तयार — तर भांडली न्हाई. ओढणी काढली, पाठ केली माझ्याकडं, कुडता वर उचलला. तसलेच डाग. त्याच उलथन्याचे. मी घर सोडलं तवापासनं तिच्यावर... आन् म्हणली काय, "म्हाळसाक्का, मी तर कुणापाशी बोलले न्हाई — तुला कसं कळलं?"

काय सांगू मी तिला? सांगा की, शिकल्या-सवरल्या तुम्ही! मी सूड घ्यायला गेले आन्...

आत हाय ती. न्हाई, तिकडं बघू नका — वही कशाला काढताय? मिटा ती. उठा म्याडम. पुण्याची गाडी लागली असंल.