कॉकवर लटकलेली चावी

तूरिद: इंजिनाला हात नका लावू काका, चटका बसेल. आधी सांगा, ते तापल्याचा भोंगा वाजला तेव्हा मागच्या नळीतून धुराबरोबर पाणी पडत होतं का?

आस्लाक: ते कोण बघत बसतंय! फ्योर्डच्या खाडीत शिरून पाच मिनिटं झाली नाहीत तोच सगळीकडे वाफच वाफ. शेवटी त्या कोळंबीच्या बोटवाल्याने दोर टाकून ओढत आणलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ओढत आलो, तूरिद. आणि नेमका आज शनिवार, धक्क्यावर अख्खं गाव कॉफी आणि वाफल घेऊन बसलेलं.

तूरिद: मीही होते की. सिग्वार्तकाकांना काय काय बोललात तेही ऐकलं.

आस्लाक: मग खोटं बोललो का? पंपातला रबरी पंखा मार्चमध्ये त्यानेच बदललाय. बायकोचा, सुन्निवाचा भाऊ म्हणून इतकी वर्षं बोटीत घेतोय. हात थरथरतात, तरी मेकॅनिक म्हणून मिरवायची हौस दांडगी!

तूरिद: पंप उघडते, मग बोला. अगं बाई! चिंध्या झाल्यात हो. सहा पात्यांतलं एकच शिल्लक आहे.

आस्लाक: बघ! म्हटलं नव्हतं?

तूरिद: थांबा जरा. पंखा नीट बसवलाय, स्क्रूसुद्धा सारखे आवळलेत. हे रबर झिजलेलं नाही, जळलंय. पंप कोरडा फिरलाय. त्याला समुद्राचं पाणी मिळालंच नाही.

आस्लाक: गाळणीत शेवाळ अडकलं असेल.

तूरिद: ही घ्या गाळणी, लख्ख आहे. टॉर्च धरा, समुद्राचं पाणी आत घेणारा खालचा कॉक बघते.

आस्लाक: कॉक उघडा आहे. तिथे काही नाही बघण्यासारखं.

तूरिद: उघडा आहे खरा. पण चावी त्याच्या दांड्यावर लटकतेय.

आस्लाक: असू दे.

तूरिद: असू दे काय? बोट बांधली की कॉक बंद आणि इंजिनाची चावी कॉकवर, हे मला तुम्हीच शिकवलंत. वाकून कॉकपाशी गेल्याशिवाय चावी हाताला लागत नाही, म्हणजे उघडायला विसरणं नको. चावी इथे आहे. मग आज इंजिन कशाने सुरू केलंत?

आस्लाक: दुसरी करून घेतलीय.

तूरिद: कधी?

आस्लाक: ईस्टरनंतर. गुडघे वाकत नाहीत गं. एकदा खाली बसलो की उठता उठता जीव जातो. म्हणून उभ्यानेच बोट ओढायच्या आकड्याच्या काठीने कॉक ढकलतो आणि खिशातली चावी लावतो. आज विसरलो. भोंगा वाजल्यावर आठवलं, तेव्हा सिग्वार्त पुढे दोर आवरत होता. हळूच काठी घातली, पण तोवर पंप गेला होता.

तूरिद: म्हणजे धक्क्यावर ओरडत होतात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?

आस्लाक: होतं. लाज वाटली म्हणून जास्तच ओरडलो. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय? वर त्याच्या थरथरत्या हातांवरून बोललो, सगळ्यांदेखत. त्याने आपले गळ-दोर उचलले आणि अक्षर न बोलता निघून गेला. आता कुठल्या तोंडाने जाऊ त्याच्याकडे?

तूरिद: आहे त्याच तोंडाने जा. पण आधी तुटलेले तुकडे शोधू द्या. एकही आत राहिला तर नळी तुंबेल आणि इंजिन परत तापेल. चार मिळाले, पाचवा कुठे गेला देव जाणे. ही वाकडी नळी काढावी लागणार.

आस्लाक: तूरिद, पोरी, एक करशील? कोणी विचारलं तर म्हण, रबरच हलकं निघालं.

तूरिद: नाही काका. कोणी विचारलं नाही तर मी गप्प बसेन. पण सिग्वार्तकाकांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही.

आस्लाक: बरोबर आहे तुझं. मलाच शरम नाही.

तूरिद: हा बघा पाचवा! झालं, नवा पंखा बसला. कॉक उघडा आहे, मी पुन्हा पाहिलंय. करा सुरू. पाणी पडतंय का?

आस्लाक: पडतंय. धो धो पडतंय.

तूरिद: मग वळून बघा, कोण आलंय.

(सिग्वार्त धक्क्याच्या कडेला येऊन उभा राहतो.)

सिग्वार्त: माझा थर्मास राहिला बोटीत. काय निघालं गं, तूरिद?

तूरिद: काका सांगतील.

आस्लाक: तुझी काही चूक नव्हती, सिग्वार्त. कॉक बंद होता. मला वाकवत नाही म्हणून दुसरी चावी करून घेतलीय, आणि कॉक उघडायला विसरलो. ठाऊक असून तुझ्यावर ढकललं. तुझ्या हातांबद्दल बोललो, तेव्हा माझी जीभ झडायला हवी होती.

सिग्वार्त: कॉकचं माहीत आहे मला.

आस्लाक: तुला कसं माहीत?

सिग्वार्त: सकाळी तू खिशातून चावी काढलीस ते पाहिलं होतं. वाटलं, कॉक आधीच उघडला असशील. भोंगा वाजला तेव्हा कळलं.

आस्लाक: अरे, मग माझ्या तोंडावर फेकायचं होतंस! मी एवढं वाट्टेल ते बोललो, तू गप्प का राहिलास?

सिग्वार्त: लोक होते ना तिथे.