चव बघण्यापुरता पाव

बाळाला चष्मा लागतो की काय, या धास्तीने एक आई डोळ्यांच्या दवाखान्यात बसली होती. मागच्या बाकावर एक म्हातारा पावभट्टीवाला आणि त्याची मुलगी बोलत होते.

“शुगर चढली म्हणून डोळ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं, बाबा. खरं सांगा, काय खाता?”

“साखरेचा कण नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा पितो.”

“आणि भट्टीवर?”

“तिथे कुठे खातो? चव बघतो फक्त. प्रत्येक घाण्यातला अर्धा पाव.”

“म्हणजे सकाळभर पावच की!”

“अगं, पाव काय गोड असतो?”

“जिभेला नसेल. पोटात गेला की त्याचीही साखरच होते. डॉक्टरबाईंनी आत्ता कानीकपाळी ओरडून सांगितलं ना? भात, पाव, बटाटा, सगळ्याची.”

“मग न चाखता विकू? गिऱ्हाईक तोंडावर फेकेल.”

“आणि डोळा गेला तर? करपलेला पाव तरी दिसेल का?”

“परवा एक घाणा जरा जास्तच लाल झाला होता, नाही?”

“काळा झाला होता, बाबा. दुकानात आल्यावर मी लपवला.”

“उद्यापासून चव तू बघ.”

“मी? मला तर भट्टीजवळ फिरकू देत नव्हतात!”

“आता देतो. मी वास घेईन, पावाचं बूड वाजवून भाजलाय का बघेन. तू चाख. पण चिमूटभर हं, माझ्यासारखा अर्धा नको.”

“आणि जेवताना?”

“भाजी जास्त, पाव तू वाढशील तेवढाच. मागितला तरी देऊ नकोस.”

“ओरडाल.”

“ओरडेनच. तरी देऊ नकोस.”