सातऐवजी अकरा अंश

पुरवणी जबाब, ता. २० सप्टेंबर १९७४, सांगली

मी धन्यकुमार आदगोंडा मगदूम, वय ३४ वर्षे, धंदा नोकरी (महाविद्यालयात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर), राहणार विश्रामबाग, सांगली. पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगतो की, कालच्या माझ्या जबाबात एक गोष्ट राहिली. राहिली म्हणजे मी ती सांगितली नाही.

काल दुपारी एक ते तीन बी.एस्सी.च्या मुलांचे प्रात्यक्षिक होते. आम्ल आणि अल्कली एकत्र केल्यावर किती उष्णता बाहेर पडते, ते मोजायचे. दोन्ही द्रावणे तांब्याच्या भांड्यात ओतायची, पारा किती चढला ते पाहायचे आणि गणित करायचे. पारा साधारण सात अंश चढतो. उत्तर पुस्तकात छापलेलेच आहे, तेरा पूर्णांक सात किलोकॅलरी. आमच्याकडे बहुतेक मुले त्या उत्तरावरून मागे येतात आणि पाऱ्याचा आकडा बसवतात, कारण परीक्षेत गुण उत्तराला मिळतात. मीही तसाच पास झालो आणि पुढे तेच शिकवले.

आमचे शिपाई हंबीरराव यांनी सकाळी मोठ्या बाटलीतल्या पाण्यात सल्फ्युरिक आम्ल घातले, पण घाईत ढवळायचे राहिले. आम्ल जड, ते तळाशी बसले आणि खालचे द्रावण तीव्र राहिले. ज्यांनी आधी वरचे ओतून घेतले, त्यांना काही झाले नाही.

अडीचच्या सुमारास त्रिशला नावाची विद्यार्थिनी माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "सर, माझा पारा अकरा अंश चढला. परत करून बघितलं तर बारा." मी मान वर न करता म्हणालो, "तेरा-सात यायला पाहिजे. मागनं गणित कर, सात लिही आणि जर्नल आण." तिने अकरा खोडून सात लिहिले. मी सही केली.

दहा मिनिटांनी कोरेगावच्या कृष्णात या विद्यार्थ्याने बाटलीत उरलेले आम्ल अल्कलीच्या भांड्यात ओतले. ते उकळून त्याच्या डाव्या डोळ्यात उडाले. मी त्याचे डोके नळाखाली धरले. तो सारखा म्हणत होता, "सर, म्होरल्या म्हैन्यात माझी फौजेची भरती हाय वो." डोळा वाचेल की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत.

"माझ्याच हातनं झालं, सायेब," एवढेच हंबीरराव बोलतात आणि कालपासून इथे बाकावर बसून आहेत. त्यांची चूक आहेच. पण ती चूक अडीच वाजता माझ्या टेबलापर्यंत चालत आली होती. अकरा अंश म्हणजे आम्ल तीव्र, हे ओळखून मी तेव्हा बाटली बाजूला काढायला हवी होती. काल मात्र "मला काहीच कल्पना नव्हती" असे मी लिहून दिले. त्याची मला लाज वाटते. त्रिशला अजून कोणाला काही बोललेली नाही. तिला यात ओढू नये, कारण तिने बरोबर मोजले होते.

लिहून घेणारे जमादार म्हणाले, "मास्तर, नोकरी जाईल तुमची. सहीचं तेवढं गाळू का?" मी नको म्हणालो.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे. त्यात कुठेही खाडाखोड नाही.