भुरकीच्या नाळेतली डोली

ऐका. लाकूड सारा जाळात, आन् गप बसा. ही ऐकीव गोष्ट न्हाई. ह्या माझ्या डोळ्यांनी बघितलेली हाय.

आपल्या धनगरवाड्यावर वाळकू आखाडे हुता. मध काढायचा. दोराला लोंबकळून कडा उतरायचा. एक दिशी दोर तुटला आन् गडी खालच्या कपारीवर आदळला. मांडी मोडली, हाड बाहेर! रक्त थांबंना. त्याला वर काढंस्तवर दिवस बुडाला.

दवाखाना खाली, गावात. धारेच्या वाटेनं, डोंगराच्या कण्यावरनं, चार तास. भुरकीच्या नाळेनं, कड्यातल्या उभ्या वाटेनं, दीड. पर नाळेनं अंधारात कोण जातंय? माझ्या आज्याच्या वक्ताला एका तापकरी माणसाला तिथनं नेत हुते. वाघ डुरकला. नेणारे डोली टाकून पळाले. माणूस जिता हुता, बरं का! सकाळी बघितलं, तर डोली रिकामी.

वाळकूची बायको सगुणा मला म्हणाली, "नाना, धारेनं नेलं तर हे वाटंतच जातील. नाळेनं चला."

आठ हात बांबू घेतला, त्याला घोंगडं बांधलं झोळीवाणी. झाली डोली. वाळकूला आत घातला. ओरडून ओरडून दम जाईल म्हणून सगुणानं त्याच्या तोंडात फडकं दिलं, दात आवळायला. वाड्यावरचे दोघं गडी संगं आले. बांबूला पुढं धाकलू, मागं मी. कंदील घेऊन तुळाजी सगळ्यांच्या पुढं. सगुणा डोलीला धरून.

नाळ म्हंजी नुसते धोंडे. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल घळ. उतरतोय, उतरतोय... आन् माझ्या मागं पावलं वाजली. अनवाणी. मी थांबलो, ती थांबली. चाललो, की चालली!

मंग कानाशी आवाज आला, "दमलास. दे खांदा."

मला वाटलं, तुळाजीच मागं आला. दिला की खांदा! हलकं वाटलं. मान चोळत, डोलीच्या कडंनं पुढं झालो. दहा पावलं गेलो असंन. समोर बघतो, तर कंदील हलतोय. आन् कंदील तुळाजीच्या हातात!

मंग मागं कोण?

वळून बघितलं. कुणी न्हाई! बांबूचं टोक हवेत. नुसतं हवेत! आन् डोली हळूहळू घळीकडं वळाय लागली. धाकलू ओरडला, "नाना, ढकलताय कशाला?" मी झेप घेतली, बांबूखाली खांदा घातला. आयाया! ओझं दुप्पट. बांबू करकरला.

आन् डोलीतनं वाळकूचा आवाज. हुबेहूब!

"ठेवा रं खाली. घोटभर पाणी पाजा."

धाकलूला दया आली. गुडघा वाकवला त्यानं. सगुणा किंचाळली, "ठेवू नका! त्यांच्या तोंडात फडकं हाय, बोलतील कसं?"

तिनं घोंगड्यात हात घातला. चाचपलं. मंग बारीक आवाजात म्हणाली, "नाना... आत चार पाय हायत."

टाकून पळावं, असं आलं मनात. खोटं कशाला सांगू? सगुणानं ते वळखलं. पदर खोचला आन् माझ्या शेजारी बांबूखाली शिरली. आन् डोलीकडं तोंड करून म्हणाली, "तुला टाकलं त्यांनी. आम्ही कुणाला टाकत न्हाई. निमूट पडून ऱ्हा."

डोली हलायची थांबली. पर ओझं? ओझं हाय तेवढंच! खांद्याचं सालटं गेलं. नाळ सरली, गावची कुत्री भुंकली, आन् एकदम डोली हलकी झाली. पावलं परत वर पळाली, धोंड्यांवरनं. रडत हुतं कुणीतरी.

वाळकू जगला. तिसऱ्या दिशी शुद्धीवर आला, तवा बायकोला काय विचारलं ठाऊक हाय?

"डोलीत माझ्याजवळ कोण निजलं हुतं गं? गळ्यात हात टाकून? लई गार हात हुता."



म्हणून सांगतुय. दिवस बुडाल्यावर त्या नाळेत पाय टाकू नका. कितीबी घाई असूंद्या. धारेनं जा. चार तास लागतील, लागूंद्यात.