उघाडीच्या पेटीतली चिप

…अहो, पण मलाच का विचारायचं? तुम्हाला सांगतो, जन्मभर मी बांधावरची उघाडी सांभाळली, म्हणजे खाडीचं दार, भरती आली की पाडायचं, ओहोटी लागली की उचलायचं, संपलं काम. आणि आता नात म्हणते, "आजोबा, दार आपोआप पाडणारी पेटी केलीय, आत चिप कुठली घालू ते तुम्ही सांगा." ही प्राप्ती, इंजिनेर झालीय. तिच्या तळहातावर दोन काळे किडे, पायांसकट. "हिच्यावर लिहिलेलं बदलता येतं. आणि हिच्यावर एकदाच लिहायचं, मग पुसता येत नाही, हां."

पुसता येत नाही… लिहिताना चुकलं आणि भरतीला दार उघडंच राहिलं तर? खारं पाणी शिरलं की भात जळतो, जमीन पुढची किती वर्षं रुसते, कुणाला तोंड दाखवू? मग बदलता येणारीच घे म्हणावं, तर डोळ्यांसमोर आमचा शेजारी काळूराम. त्याच्याकडे पाहुणे आले की हा बांधावर हजर. "सदादादा, जराशी उगडी ठेव ना, एकादा जिताडा मासा येल आत. पावन्यांना काय वांगी घालू?" आणि मला नाही म्हणता येत नाही हो, मी दार वीतभर वर ठेवतो आणि पाणी उतरेपर्यंत देवाचं नाव घेत तिथंच बसतो. आता हा प्राप्तीशीही गोड बोलला तर?

म्हटलं, पोरी, एकदाचीच घाल. ती बटण दाबणार, मी म्हणतो थांब, परत वाच. वाचलं. परत थांब. "आजोबा, तुम्ही बाहेर बसा."

पेटी बसली, आणि आला काळूराम. म्हटलं, बाबा रे, दार आता पेटीच्या हातात, आणि आतलं पुसता येत नाही, हां. त्यानं पेटीवर टकटक केलं, कान लावला. "न्हाय म्हनते काय ही? बरा." आणि गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला परत पाठवलं. कौतुकानं प्राप्तीला सांगितलं, तर ती हसते, "पण चिप बदलता येते की आजोबा. जुनी काढायची, दुसरी लिहून लावायची." तिनं टेबलाचा खण उघडला, तर आत तसल्या चिपांची पट्टीच्या पट्टी.

तुम्हाला सांगतो, खरी भीती तेव्हा वाटली. पट्टी तांदळाच्या डब्यात तळाशी लपवली, पोरीला शपथ घातली, कुणाला बोलू नकोस… आणि आता मीच इतक्या लोकांपुढे बोलून बसलो. बोललेलंही पुसता येत नाही.

काय म्हणता मागचे? तुमचे व्याही येतायत, रविवारी?

…बरं. सांगतो प्राप्तीला, एक वीतभरवाली चिप लिहून ठेव म्हणून.