शेवटच्या मिनिटाची रीत

एक्स-रेच्या रांगेत माझ्या समोरच्या बाकावर एक धिप्पाड गोलकीपर सुजलेला पाय लांब करून बसला होता. अंगात अजून क्लबची जर्सी. शेजारी त्याची आई.

“खरंच दुखतंय का?”

“आई, तूसुद्धा?”

“दर मॅचला शेवटी तू लोळतोस. मग विश्वास कोण ठेवणार?”

“एका गोलने पुढे असलो की वेळ काढावा लागतो गं. सगळेच काढतात. आज मात्र खरंच मुरगळला. मी बोंबलतोय आणि आमचा कॅप्टन जवळून पळताना म्हणतो, ‘झकास, असाच पडून राहा!’”

“मग खेळ थांबवला कोणी?”

“त्यांच्या फॉरवर्डने. पायात बॉल, समोर रिकामा गोल, पण माझा चेहरा बघून त्याने बॉल बाहेर मारला.”

“देवमाणूस! पुढे?”

“अशा वेळी बॉल त्यांना परत द्यायचा असतो. कुठे लिहिलेलं नाही, पण रीत आहे.”

“दिलात ना?”

“दिला. पार त्यांच्या गोलपाशी मारून दिला. तिथून तो इकडे आणेपर्यंत शिट्टी झाली.”

“शोभतं का रे हे?”

“हळू बोल. तो फॉरवर्डच मला इथे घेऊन आलाय. आमची पोरं जल्लोष करायला गेली.”

तेवढ्यात दुसऱ्या रंगाच्या जर्सीतला एक सडपातळ मुलगा पाण्याची बाटली घेऊन आला. आई लगबगीने सरकली.

“बस रे बाळा. काय संस्कार केलेत तुझ्या आईने! फोन केलास का तिला?”

“केला ना, काकू.”

“काय म्हणाली माउली?”

“म्हणाली, ‘गाढवा, गोल रिकामा होता!’”